बादशहाची पंजी

मी पोटासाठी लोकांना ‘किती?’ असं विचारतो. एक सोमवार सोडून दुसऱ्या सोमवारी सकाळी अकरा वाजता सहा माणसं समोर बसवायची, एकेक काम वाचून दाखवायचं आणि विचारायचं, हे करायला किती लागेल? ती सांगतात. मी लिहून घेतो. पुढचे दोन आठवडे ते कसं चुकतंय हे बघत बसतो आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच माणसांना पुन्हा तेच विचारतो. या कामाला इंग्रजीत एक भारदस्त नाव आहे, ते माझ्या व्हिजिटिंग कार्डावर छापलेलंही आहे. घरात त्याला काही किंमत नाही. ‘पंधरा मिनिटांत पोचतो’ असा मी फोन केला की बायको हरभरे भिजत घालते.

आमचं ऑफिस परभणीत, टायरच्या दुकानाच्या वर. खाली दिवसभर हातोडा चालतो, वर की-बोर्ड. कंपनी पुण्याची. पुण्यात जागा महाग आणि माणसं त्याहून महाग, म्हणून काम इकडे येतं. आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांसाठी आहे. पेशंटने मोबाइलवरून वेळ घ्यायची, डॉक्टरच्या टेबलावर यादी दिसायची, नंबर आला की पेशंटला मेसेज जायचा, एवढाच खेळ. एवढ्याशा खेळावर आम्ही सात जण जगतो.

अंदाज काढायची ही रीत आम्हाला पुण्याहून शिकवली गेली. दिवस मोजायचे नाहीत, तास मोजायचे नाहीत. काम किती अवघड आहे त्याला पॉइंट द्यायचे. एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. मधले आकडे नाहीत. का नाहीत हे मी विचारलं तेव्हा शिकवणाऱ्या बाई व्हिडिओवर गोड हसल्या, म्हणून मीही पुढे सगळ्यांना गोड हसूनच सांगत आलो. प्रत्येकाने आपला आकडा पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उघडायचा, म्हणजे एकाचं बघून दुसरा सांगणार नाही. ज्याचा आकडा सगळ्यात मोठा आणि ज्याचा सगळ्यात लहान, त्या दोघांनी कारण सांगायचं. मग पुन्हा पत्ते. असं करत करत सगळे एका आकड्यावर यायचे.

यासाठी छापील पत्ते मिळतात. पुण्याहून ते यायला उशीर झाला तेव्हा मी स्टेशन रोडवरून खेळायच्या पत्त्यांचे दोन कॅट आणले. एक्का म्हणजे एक, पंजी पाच, अठ्ठी आठ, आणि तेराला बादशहा. गुलाम आणि राणी काढून टाकली. या शोधावर मी इतका खूश होतो की पुण्याचे पत्ते आल्यावर ते कपाटातच ठेवले. पहिल्याच सोमवारी खालचे टायरवाले चाचा भाड्याच्या निमित्ताने वर आले आणि दारातच थांबले. टेबलाभोवती सहा माणसं, प्रत्येकाच्या हातात पत्ते, आणि मी वही घेऊन उभा.

“क्या साब, दिन-धाडे?”

“चाचा, काम चल रहा. अंदाज लगा रैं, किस काम को कितना लगता.”

“पत्तों से?”

“हौ.”

चाचांनी टेबलावरचा एक पत्ता उलटून पाहिला. “हमारे यहाँ आदमी आता, टायर दिखाता, हम बोलते आधा घंटा. फिर वो दो घंटे बैठता. उस में पत्तों का क्या काम?”

मी त्यांना समजावून सांगायला गेलो. आता वाटतं, तेव्हाच खाली जाऊन त्यांच्याकडे नोकरी मागायला हवी होती.

कारण पत्ते पालथे ठेवून उपयोग नसतो. माणसांची तोंडं उताणी असतात. पुण्यात कसं चालतं मला माहीत नाही, पण आमच्याकडे वडीलधाऱ्यासमोर मोठा आकडा सांगणं म्हणजे उलट बोलल्यासारखं वाटतं. मी वयाने मोठा, वहीही माझ्याच हातात. काम वाचून झाल्यावर माझ्या तोंडून सहज निघायचं, “लहानसंच दिसतंय, नाही का?” आणि पाच जण पंजी टाकायचे. कधी मी नुसता सुस्कारा सोडला तर अठ्ठ्या पडायच्या. मला वाटायचं, आपली टीम किती एकदिलाची.

टीममधले सगळ्यात जुने म्हणजे भाऊ. मानवतचे. आधी तिथे कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे, तो बंद पडल्यावर इकडे आले. काम काहीही असो, भाऊ पंजी टाकायचे. एकदा मी कारण विचारलं.

“सर, मोठा टाकला की का म्हनता. लहान टाकला की मंग तूच कर म्हनता. पंजी टाकली की कोनी काहीच इचारत न्हाई.”

हे सगळ्यांसमोर म्हणाले. आम्ही सगळे हसलो, आणि त्या दिवशी सगळ्या कामांना पंज्या पडल्या.

एकच माणूस माझ्या तोंडाकडे न बघता पत्ता टाकायचा. ती आमची टेस्टर. इतरांनी बनवलेलं मोडून बघणं हे तिचं काम, त्यामुळे काम कुठे मोडेल हे तिला आधीच दिसायचं. वय तिशीच्या आतबाहेर, पण मी तिला ताईच म्हणतो. ती पूर्णेची. रोज सकाळच्या गाडीने परभणीला यायची, संध्याकाळच्या गाडीने परत. पूर्णेला घर म्हटलं की निदान एक माणूस रेल्वेत असतोच. तिचे तर वडीलच गाडीचे ड्रायव्हर.

त्या वर्षी तिने चार महिने आधी सुट्टी मागितली. एकाच दिवसाची.

“सर, चार महिन्यांनी, अखेरच्या तारखेला मी नसते. पप्पा रिटायर व्हायलेत. त्या दिवशी त्यांची शेवटची गाडी हाय.”

मी वहीत लिहून घेतलं. मग तिनेच सांगितलं, रेल्वेवाल्यांच्या घरी हा दिवस लग्नासारखा असतो. शेवटची गाडी घेऊन माणूस आपल्या गावच्या फलाटावर येतो. इंजिनाला हार घालतात, हलगीवाले बोलावतात, घरची सगळी माणसं फलाटावर उभी असतात. ती शाळेत असताना वडिलांची गाडी आली की ती पळत स्टेशनवर जायची आणि ते इंजिनातून उतरले की त्यांच्या हातचा जेवणाचा डबा घ्यायची. कॉलेजला गेल्यापासून ते बंद झालं होतं. शेवटच्या दिवशी डबा आपणच घ्यायचा, असं तिने आणि वडिलांनी ठरवलं होतं. बोलताना तिला थोडी लाज वाटत होती, म्हणून ती आपल्या स्क्रीनकडे बघूनच बोलत होती.

“ताई,” मी म्हणालो, “या सुट्टीला कोणी हात लावणार नाही.”

माझ्या आयुष्यातल्या अंदाजांमध्ये एवढ्या ठामपणे दिलेले फार थोडे असतील.

आता माझी चूक, सुट्टी दोन आठवड्यांवर आली तेव्हाची. ती सोमवारी झाली असं वरून दिसतं, पण खरी झाली आधीच्या शुक्रवारी, चहाच्या टपरीवर. पुण्याच्या साहेबांचा फोन आला. एका हातात चहाचा ग्लास, दुसऱ्या हातात फोन, आणि शेजारी रिक्षावाल्यांचं भांडण चाललेलं. साहेब म्हणाले, दवाखान्यांना एक बटण हवंय. डॉक्टर उशिरा येणार असले की बटण दाबायचं, सगळ्या पेशंटच्या वेळा पुढे जायच्या. एवढंच. महिनाअखेर होईल ना?

“होईल की सर,” मी म्हणालो, “एक बटणच तर आहे. पाच पॉइंट.”

पत्ते नाहीत, टीम नाही, काही नाही. चहा गार होत होता म्हणून मी पाच म्हणालो. सोमवारी माझं काम उरलं ते एवढंच, की सहा जणांनी आपापल्या मनाने, कोणाच्या दबावाशिवाय, पाचच म्हणावं.

सोमवारी मी काम वाचलं आणि वर म्हणालो, “बटणच आहे तसं.” पत्ते उघडले. भाऊंची पंजी. बाकी चौघांच्या पंज्या. ताईचा बादशहा, इस्पिकचा.

“ताई, तुमचा सगळ्यात मोठा. बोला.”

ती बोलली. डॉक्टर एक तास उशिरा म्हटल्यावर पहिल्या पेशंटची वेळ पुढे जाईल, पण शेवटच्या पेशंटचं काय? त्याची वेळ दवाखाना बंद झाल्यावर जाईल. ज्याने परगावची बस धरून वेळ घेतली तो येणारच नाही. त्याची जागा कोणाला? दोन डॉक्टरांकडे एकाच दिवशी जाणारा पेशंट असेल तर एकाची वेळ सरकली की दुसऱ्यावर आदळेल. आणि डॉक्टरांनी बटण दोनदा दाबलं तर? “आपले डॉक्टर दोनदाच दाबतेत सर,” ती म्हणाली. “एकदा दाबून त्यांचं समाधान होत न्हाई.”

सगळे हसले. मीही हसलो. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं हे मला कळत होतं. आणि पाच सांगून बसलोय हेही.

“बरोबर आहे ताई. पण हे सगळं पहिल्याच झटक्यात कशाला? पुन्हा टाका.”

पुन्हा पत्ते. बाकी चौघांतले दोघं जरा वर सरकले होते: दोन अठ्ठ्या, दोन पंज्या. भाऊंची पंजी. ताईचा बादशहा. मी तोंड आंबट केलं. म्हणालो, “आपण जरा घाबरून टाकतोय असं नाही वाटत?” तिसऱ्यांदा. सगळ्या पंज्या आणि एक बादशहा. चौथ्यांदा पत्ते वाटायला लागलो तेव्हा जेवायची वेळ होऊन गेली होती. भाऊंनी आपला डबा टेबलाखाली मांडीवर घेऊन उघडला होता; ठेच्याचा वास सुटला होता. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मीटिंगमध्ये एकमत होतं ते बहुतेक अशाच वेळी.

ताईने हातातला बादशहा टेबलावर ठेवला नाही, तो कॅटमध्ये परत खोचला आणि पंजी काढून ठेवली.

“लिहा सर पाच. तुमी लिहूनच आलेत.”

“तसं नाही ताई.”

“असू द्या. माझ्या सुट्टीचं तेवढं बघा.”

“बघितलंय म्हणालो ना.”

वहीत पाच लिहिलं. सह्यांचा रकाना असता तर सगळ्यांच्या सह्याही घेतल्या असत्या. इतकं सगळं लोकशाही मार्गाने झालं होतं.

पुढे काय झालं ते तिने सोमवारी सांगितलं होतं, त्याच क्रमाने झालं. पहिल्या आठवड्यात बटण तयार झालं, हिरवं, देखणं. दुसऱ्या आठवड्यात ताईने ते दाबून बघायला सुरुवात केली. शेवटचा पेशंट रात्री अकराच्या वेळेवर गेला. एकाच माणसाला एकाच वेळी दोन डॉक्टरांनी बोलावलं. बटण दोनदा दाबल्यावर सगळा दवाखाना दुसऱ्या दिवशी गेला. रोज दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन नवा दोष सांगायची, आवाज न चढवता, ‘मी म्हणाले होते’ हे तीन शब्द एकदाही न उच्चारता. तिने ते म्हटलं असतं तर मला जेवण गेलं असतं. भाऊ आणि बाकीचे दुरुस्त करायचे, ती पुन्हा मोडायची. मी मधल्या जागेत फिरायचो आणि दर दोन तासांनी विचारायचो, “अजून किती?”

महिन्याची अखेरची तारीख शुक्रवारी आली. संध्याकाळी सहाला पुण्याला द्यायचं होतं. गुरुवारी मी ताईपुढे गेलो. काय बोलायचं ते जिन्यात पाठ केलं होतं, तरी पहिलंच वाक्य विसरलो.

“गाडी किती वाजता येते उद्या?”

तिला कळलं. “चार दहा.”

“मग सकाळी येऊन जाता का? दुपारी दोनपर्यंत? मी स्वतः मोटारसायकलवर नेऊन सोडतो.”

तिने एकदा भाऊंकडे पाहिलं. भाऊ स्क्रीनमध्ये शिरले होते.

“दोनपर्यंत,” ती म्हणाली.

शुक्रवारी ती नवी साडी नेसून आली. पांढरी, निळ्या काठांची. केसांत काही माळलेलं नव्हतं. आई फलाटावर गजरा घेऊन येणार होती. दोन वाजले. दोन डॉक्टरांचा घोळ सुटला होता, पण पूर्ण यादी एकदा तपासायची राहिली होती, आणि ते काम तिच्याशिवाय कोणाला येत नव्हतं. तिचं तिनेच म्हटलं, अडीचपर्यंत बघते. अडीचला ती उठली आणि पर्स घेतली. अजून तासाभराचं काम बाकी होतं. पूर्णेचा रस्ताही तासाभराचाच.

आता जे मी केलं ते लिहायला मला अजूनही जड जातं, कारण करताना ते मला गमतीचं वाटलं होतं.

ती गाडी उशिरा येते हे तिकडच्या पोरासोरांना माहीत आहे. मी म्हणालो, “ताई, चार दहा ही कागदावरची वेळ. खरी किती? चला, पत्ते काढा.”

सगळे थकलेले होते, त्यामुळे सगळ्यांना ते आवडलं. एक पॉइंट म्हणजे दहा मिनिटं उशीर, असं ठरलं. पालथे ठेवले, उघडले. भाऊंची पंजी. एकाची अठ्ठी. तिघांच्या पंज्या. ताईचा एक्का.

“ताईंचा सगळ्यात लहान,” मी म्हणालो. “कारण सांगा.”

“शेवटची हाय, सर. पप्पा येळेवर आनतील.”

“ताई, ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी सिग्नल त्याच्या हातात असतो का? तुम्हीच सांगता ना, गाडी गावाबाहेर अर्धा अर्धा तास उभी असते म्हणून.”

“असती.”

“मग?”

भाऊ हळूच म्हणाले, “मागच्या महिन्यात मी सासऱ्याला आनायला गेलतो, पंचावन्न मिनटं.”

“पुन्हा टाका,” मी म्हणालो.

पुन्हा टाकले. सगळ्या पंज्या. ताईचीही. गाडी पाच वाजता येणार असं आम्ही सहा विरुद्ध शून्य मतांनी ठरवलं आणि ती पर्स ठेवून पुन्हा कामाला बसली.

चारला दहा कमी असताना आम्ही निघालो. वाटेत एकटा मी बोलत होतो, रस्ता खोदून ठेवलेला, त्यावर, कापसावर, पुण्याच्या साहेबांवर. एका ठिकाणी रेल्वेरूळ रस्त्याजवळ येतो, तिथे तिने मान वळवून पाहिलं हे मला आरशात दिसलं. रूळ रिकामे होते. मला बरं वाटलं. अजून यायची आहे, असा मी त्याचा अर्थ लावला.

पूर्णेच्या स्टेशनबाहेर मोटारसायकल लावली तेव्हा पाचला दहा कमी होते. हलगीवाले तिघं स्टेशनसमोरच्या टपरीवर चहा पीत बसले होते. हलग्या पायाशी होत्या. मी ताईला म्हणालो, “बघा, अजून तयारीच चाललीय.”

ती थांबली नाही. सरळ त्यांच्याकडे गेली. “मामा, कधी वाजवायचं?”

त्यातल्या म्हाताऱ्याने तिला ओळखलं. “अगं माय, वाजवून झालं. तू कुठं व्हतीस? चार दहाला आली. ठोक्याला.”

फलाटावर झेंडूच्या पाकळ्या होत्या आणि एक बाई त्या झाडूने एका बाजूला करत होती. गाडी पुढे निघून गेली होती. ताईचा चुलतभाऊ भेटला, त्याने सगळं सांगितलं. फार उत्साहात होता बिचारा. त्या दिवशी गाडी कुठे थांबलीच नव्हती. वडिलांची शेवटची आहे हे कंट्रोलवाल्यांना ठाऊक होतं, सिग्नलवाल्यांना ठाऊक होतं, फाटकावरच्या माणसाला ठाऊक होतं. गेली तीस-बत्तीस वर्षं त्यांच्याबरोबर काम केलेल्या माणसांनी पहिल्या स्टेशनपासून लाइन मोकळी ठेवली होती. मालगाड्या बाजूला उभ्या केल्या होत्या. आमच्या सहा पत्त्यांत हे कुठे धरलेलंच नव्हतं. आम्ही रुळांचा हिशेब केला होता.

मी म्हणालो, “ताई, मी चुकलो.”

“घरी चला,” ती म्हणाली. “पप्पा म्हनतील सर बाहेरूनच गेले.”

घर विहाराच्या मागच्या गल्लीत. दारात मंडप, मंडपात खुर्च्या, खुर्च्यांवर रेल्वे. सगळे जयभीम घालून बसायला सांगत होते. ताईच्या आईने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि हातातला गजरा तिच्या केसांत माळला. आत रॅकवर स्टीलचा डबा घासून पालथा घातला होता. ताईनेही तो पाहिला. पाण्याचे ग्लास घेऊन ती बाहेर आली आणि मला पहिला ग्लास दिला.

वडील उंच, काळेसावळे, गळ्यातल्या हारांमुळे मान वळवता न येणारे. मला शेजारी बसवून घेतलं. पेढा दिला, दुसरा दिला. मला वाटलं होतं रागावतील. ते फार आनंदात होते, आणि ते जास्त अवघड होतं.

“हिच्या हपिसातले सर,” त्यांनी शेजारच्याला सांगितलं. मग मला, “तुमी तिथं काय करता, सर?”

“मी... सगळ्यांना विचारतो, कोणत्या कामाला किती वेळ लागेल.”

“आन् ते सांगितेत?”

“सांगतात.”

“मंग तुमी काय करता?”

“कमी करतो,” मी म्हणालो.

मंडपातले सगळे हसले. तेही हसले. चुलतभावाने मोबाइल पुढे आणला, व्हिडिओ लावला. गाडी फलाटात शिरत होती, इंजिनाच्या खिडकीतून ते अर्धे बाहेर वाकले होते. हलगी जोरात होती. ते हात हलवत नव्हते, तर फलाटावरच्या गर्दीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत येत होते.

“हे बघा,” वडिलांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, अगदी खुशीत, “इथं मी हिला हुडकायलोय.”

मी ‘हो’ म्हणालो. व्हिडिओ संपला, त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. तेवढ्यात माझा फोन वाजला. पुण्याचे साहेब. सहा वाजून गेले होते. मंडपाच्या कडेला जाऊन घेतला. भाऊंनी सगळं पाठवलं होतं, साहेब खूश होते. म्हणाले, “छान झालं. आता आपण हे सोमवारी दवाखान्यांना देऊ. शुक्रवारी संध्याकाळी कोण चालू करतं? काही बिघडलं तर शनिवार-रविवार कोण बघणार?”

“बरोबर आहे सर,” मी म्हणालो. चौदा वर्षांच्या नोकरीत हे वाक्य माझ्या तोंडून आपोआप येतं.

परत आलो तर ताई ट्रे घेऊन उभी होती.

“काय म्हनले?”

खोटं बोलायला माझ्याकडे जागा होती. ‘वेळेत मिळालं, बरं झालं, फार गरज होती’ एवढं म्हटलं असतं तर तिच्या दुपारीला काहीतरी किंमत आली असती. पण त्या दिवशीचे माझे सगळे अंदाज संपले होते.

“सोमवारी चालू करणार म्हणाले. आजची घाई नव्हती.”

तिने मान हलवली. ट्रेमधला रिकामा कप सरळ केला. हारांतून वडिलांनी आमच्याकडे पाहिलं. त्यांना अर्धंच ऐकू गेलं होतं.

“सोमवारी चालत व्हतं?” त्यांनी विचारलं. चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या नवशिक्याला सिग्नल का चुकला हे विचारावं तसं विचारलं. “मंग आज कशाला?”

मंडपात बारा-पंधरा माणसं होती. त्यातली निम्मी आयुष्यभर मिनिटांवर जगलेली. सगळी माझ्याकडे बघत होती, उत्तर ऐकायचं म्हणून. मी पेढ्याच्या कागदाची घडी घालत राहिलो. शेवटी ताईच म्हणाली, “पप्पा, चहा गार व्हायलाय,” आणि कप त्यांच्या हातात दिला.

सोमवारी ती नेहमीच्या गाडीने आली. मी काही बोलायच्या आत तिने दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्या बटणाची तिची यादी अजून पूर्ण झालेली नाही. दोन, पत्ते टाकताना मी खोलीत थांबू नये.

“तुमी वाईट न्हाईत सर,” ती म्हणाली. “पन तुमचं तोंड लय बोलतंय.”

तेव्हापासून मी काम वाचून दाखवतो आणि बाहेर जिन्यात जाऊन बसतो. आत काय होतं ते मला दिसत नाही. आकडे मोठे यायला लागलेत. भाऊंनी परवा म्हणे अठ्ठी टाकली. पुण्याचे साहेब विचारतात, तुमची टीम मंदावली का? मी सांगतो, नाही, पहिल्यापासून एवढीच होती. हे त्यांना आवडत नाही. या वर्षी माझा पगार वाढला नाही. सकाळी अकराच्या उन्हात जिन्याची पायरी तापलेली असते, म्हणून मी बसायला एक जुना कॅलेंडरचा पुठ्ठा ठेवलाय. त्यावर बसून, आतून कोणी ‘या सर’ म्हणेपर्यंत वाट बघतो. किती वेळ लागेल, हे विचारत नाही.